मागून सावकाश या

"बाई, तुम्ही मागून सावकाश या. काही घाई नाही."

हे मला म्हणाला तो माझाच जुना विद्यार्थी. दहावीला भूमितीत रखडलेला. आता साडेतीनशे सीसीची गाडी चालवतो आणि आमच्या ग्रुपचा म्होरक्या आहे. अगदी माझ्या काळजीने म्हणाला होता बिचारा. त्यानंतर दीड तासाने मी फोंडा घाटात रस्त्याच्या कडेला कोपर धरून बसले होते आणि माझ्या पुढच्या आठ गाड्यांपैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. लिहायचं बरेच दिवस मनात होतं. काल पुन्हा एका ओळखीच्यांच्या ग्रुपवर हेच वाक्य वाचलं, "नवीन मंडळी मागून आरामात या", आणि राहवलं नाही.

आमचा काही क्लब-बिब नाही. देवगड-जामसंड्याचे नऊ जण, रविवारी जमलं तर निघतो. एक आंबा बागायतदार, एक मेडिकलवाला, आम्ही दोघं शिक्षक, बाकी पोरं. त्या दिवशी सात बाइक आणि दोन स्कूटर होत्या. मी सगळ्यांत मागे होते ती बाई म्हणून नव्हे, माझी गाडी ११० सीसीची म्हणून. (दुसऱ्या स्कूटरवर तेवीस वर्षांचा मुलगा होता. तो सगळ्यांत मागे राहील तर शपथ.)

आमचा देवगड-निपाणी रस्ता तुम्हाला माहीत आहे. शिरगाव, नांदगाव तिठा, मग फोंडा आणि तिथून घाट चढून दाजीपूर. चढताना मजेत गेलो. राधानगरीला धरण बघितलं, जेवलो, चार वाजता परत फिरलो. काळोख पडायच्या आत घाट उतरायचा असं ठरलं, कारण दाजीपूरच्या जंगलातला गवा तिन्हीसांजेला रस्त्यावर आला तर हॉर्न वाजवला म्हणून बाजूला होत नाही. विचार बरोबर होता. फक्त त्या विचाराने सगळ्यांच्या हाताला चावी बसली.

उताराला लागल्यावर पहिली पाच मिनिटं मला पुढचा लाल दिवा दिसत होता. मग एका वळणाआड गेला, पुढच्या वळणावर परत दिसला, मग दिसेनासाच झाला. आता मी "सावकाश" येतेय का? छे. मला दिसत होता रिकामा रस्ता आणि डोक्यात एकच, की खाली सगळे माझ्यासाठी खोळंबलेत. प्रत्येक सरळ तुकड्यावर मी थोडं जास्त पिळत गेले. पाऊस संपला की खड्डे बुजवतात, त्यातली बारीक खडी गाड्यांच्या चाकांनी उडून वळणाच्या बाहेरच्या अंगाला जमते. उजव्या वळणावर आपण डावीकडून चालवणारे नेमके त्याच अंगाला असतो. जरा जास्त वेगात शिरले, गाडी बाहेर सरकली, खडीवर ब्रेक दाबला. पुढचं सांगायला नको. कोपर सोलपटलं, गुडघ्याला मार, आरसा फुटला, ब्रेकचा लिव्हर वाकला. हेल्मेटवर हा भला मोठा ओरखडा. दरीच्या बाजूला कठडा होता म्हणून हे लिहितेय.

मोबाइलला रेंज नाही. वीस मिनिटं बसले. मग कोल्हापूरकडून उतरणारी एसटी आली. ड्रायव्हरने थांबवली, कंडक्टरने पाणी दिलं, गाडी उचलून कडेला लावली. मी म्हटलं, खाली आमची माणसं असतील, तेवढा निरोप द्या. आमची माणसं फोंड्याच्या बाजारात होती. ड्रायव्हर बसमधूनच ओरडला म्हणे, "तुमची बाई थंय वरती पडली हा नि तुम्ही हंय वडे खातास?"

प्रत्येकाला वाटत होतं की मी त्याच्या मागच्याच्या मागे आहे. आठव्या नंबरच्या तेवीस वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं नाही, आणि तो खाली पोचला तेव्हा वडे गरम होते.

आता माझ्यातली गणिताची बाई जागी होते, सहन करा.

दोन गाड्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर ठेवावं असं सगळेच सांगतात. पुढची गाडी एखादा दगड किंवा झाड ओलांडून गेली की आपण तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद जायला हवेत. हे सेकंदांतलं अंतर. पण डोळ्याला सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. ताशी २० च्या वेगाने वळण घेताना दोन सेकंद म्हणजे साधारण ११ मीटर. वळण सुटून पुढचा ५० वर गेला की तेच दोन सेकंद होतात २८ मीटर. काहीही बिघडलेलं नसतं, तो तुमच्या तेवढाच पुढे असतो. पण मागच्याला दिसतं की पुढचा चालला लांब! तो पिळतो. पुढच्या वळणावर पहिला हळू होतो, अंतर आक्रसतं, मागचा दचकून ब्रेक मारतो. त्याच्या मागचा आणखी जोरात पिळतो, आणखी जोरात ब्रेक मारतो. नऊ गाड्या म्हणजे आठ फटी. ताशी ५० ला ही माळ सव्वादोनशे मीटरची होते आणि घाटात तेवढ्यात दोन-तीन वळणं सहज येतात. पहिल्याला शेवटचा दिसणं शक्यच नाही. पहिला मजेत ४०-४५ ने जातो आणि त्याला मनापासून वाटतं की आपण किती सांभाळून नेतोय सगळ्यांना. मागची शेपटी मात्र कधी रांगतेय, कधी पळतेय. सगळ्यांत जास्त वेग शेवटच्याला काढावा लागतो, आणि तिथे आपण बसवतो कुणाला? ज्याची गाडी लहान, ज्याला सवय कमी, ज्याच्या मागे बायको आणि पिशवी आहे त्याला.

म्हणून म्हणते, "मागून सावकाश या" हे दिसायला प्रेमळ वाक्य आहे, पण मागून सावकाश येता येत नाही.

प्लॅस्टर नव्हतं, पण हात आठवडाभर गळ्यात होता. तेव्हा फळ्यावर आकृती काढून ह्या सगळ्यांना शिकवलं. खरंच, शाळेत बोलावून. आता आमच्याकडे सगळ्यांत लहान गाडी दोन नंबरला. पहिल्याने आरशात फक्त तिला बघायचं आणि तिच्या चालीने चालायचं. माझा तो विद्यार्थी, सगळ्यांत अनुभवी म्हणून, आता शेवटी असतो. पंक्चरचं सामान, प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. पहिले दोन रविवार त्याला ते जड गेलं. पुढे राहण्यात मान आहे ना आपल्याकडे. मग त्याच्या लक्षात आलं की मागून सगळ्यांचं चालवणं दिसतं, आणि आता फोंड्यात पोचला की प्रत्येकाच्या चुका काढतो. शिक्षक झालाय.

पाचपेक्षा जास्त गाड्या झाल्या की दोन तुकड्या करतो आणि मध्ये चांगली दहा मिनिटं सोडतो. मागच्या एसटीला, आंब्याच्या टेंपोला ओलांडायला जागा मिळते. नऊ गाड्यांची अखंड माळ ओलांडायची म्हणजे त्या ड्रायव्हरने जीव मुठीत घ्यायचा, आणि मग आपणच म्हणायचं की एसटीवाले बेफाम चालवतात. प्रत्येकाची जबाबदारी एकच, आरशात दिसणारा मागच्या गाडीचा दिवा. दिसला नाही तर वेग कमी. तरीही नाही दिसला तर नीट जागा बघून थांबायचं, वळणात नाही. तिठ्यावर ज्याने वळण घेतलं त्याने मागचा येईपर्यंत हलायचं नाही. आणि शेवटची गाडी आल्याशिवाय वडे मागवायचे नाहीत, ही अट एसटीच्या ड्रायव्हरच्या सन्मानार्थ.

एक गोष्ट मात्र आम्ही साफ बंद केली, ती म्हणजे पुढून हात हलवून "ये ये" करणं. पुढचा बाइकवाला ट्रक ओलांडून गेला, त्याला समोरचा रस्ता मोकळा दिसतो, तो हात करतो. तो हात मागच्याला दिसून तो निघेपर्यंत समोरचं चित्र बदललेलं असतं. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघायचं. नाही ओलांडता आलं तर ट्रकमागे धूर खात यायचं. चार मिनिटं उशीर होतो. होऊ दे.

आडवी-तिरकी रांग, म्हणजे एक गाडी डावीकडे, तिच्या मागची उजवीकडे, ही चौपदरी हायवेवर ठीक. घाटात एकामागे एकच. वळणावर पूर्ण लेन आपल्याला लागते, खड्डा चुकवायला, खडी चुकवायला. आणि उजव्या वळणावर चाक आपल्या बाजूला असलं तरी झुकलेलं डोकं पांढऱ्या पट्टीपलीकडे जातं, हे कुणी सांगत नाही. समोरून एसटी तीव्र वळण घेत असेल तर तिचं तोंड आपल्या अर्ध्यात येणारच, तिचा तरी काय इलाज. आधीच थांबा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतरणाऱ्याने कडेला व्हायचं, हा नियमही आहे आणि रीतही.

आता ब्रेक. आमच्याकडे घाट उतरताना चावी बंद करून न्यूट्रलवर सोडायची जुनी खोड आहे. पेट्रोल वाचतं म्हणे. दहा रुपयांचं वाचत असेल. इंजिनचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापला की लिव्हर दाबला जातो पण गाडी ऐकत नाही. ज्या गियरने घाट चढलात साधारण त्याच गियरने उतरा, असं माझे वडील सांगायचे, त्यांच्याकडे राजदूत मोटरसायकल होती. स्कूटरला तीही सोय नाही, गियर आपल्या हातात नसतो. म्हणून मी आता ब्रेक धरून ठेवत नाही. वळणाच्या आधी दाबायचा, सोडायचा, आणि अर्ध्यावर थांबून गाडीला थंड होऊ द्यायचं. जोरात दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या ब्रेकची, म्हणजे एबीएसची, सक्ती २०१९ पर्यंत लागू झाली ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना. माझ्या लहान गाडीला आहे कॉम्बी ब्रेक, एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना लागतो. चाक घसरण्यापासून तो वाचवत नाही. हे मला खडीवर कळलं.

किनाऱ्याने फिरणाऱ्यांना वाटतं, आपण कुठे घाटात चाललोय. देवगडहून विजयदुर्गाकडे जाऊन बघा. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, रस्ता सरळ, वारा तोंडावर, काटा आपोआप साठवर. आणि सडा संपला की रस्ता एकदम खाडीकडे कोसळतो. दोन वळणांत उन्हातून माडा-पोफळीच्या सावलीत. तिथे पावसाळ्यानंतरही शेवाळ असतं, चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली तांबडी माती असते, आणि पहिल्या पावसात त्या मातीचं जे काही होतं त्यावर चालतासुद्धा येत नाही. डोळे उन्हातून सावलीला सरावेपर्यंत गाडी वळणात असते. त्या बुटक्या उतारांवर मी जास्त घाबरते. मोठ्या घाटात निदान माणूस सावध असतो.

मुंबई-पुण्याचे रायडर येऊन धिंगाणा घालतात, असं लिहिलं की खूप लाइक येतात, ठाऊक आहे. पण मला पाडलं ते पुण्याच्या कुणी नाही. आमच्याच गावच्या सज्जन पोरांनी, सज्जनपणे. शिवाय हेल्मेट म्हणाल तर ते पाहुणे घालतात, आमच्याकडे ते आरशाला अडकवलेलं असतं आणि मागच्या सीटवरच्याला तर नसतंच. कायद्याने दोघांनाही सक्तीचं आहे.

आणखी एक, त्या एसटीवाल्यांमुळे सुचलं. मदतीला थांबलो तर आपणच अडकू, ह्या भीतीने लोक पुढे जातात. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करताना काही चुकलंमाकलं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. थांबा. १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर खाली जाऊन करा.

"बाई, एवढं सगळं बघायचं तर मग मजा काय?" असं मेडिकलवाल्याने विचारलंच. एकट्याने जावं म्हणजे कटकट नाही, असंही एकजण म्हणाला. मी एकटी असते तर त्या दिवशी पडले नसते, हे खरंय. माझ्या चालीने उतरले असते. पण पडलेच असते तर निरोप कुणाला धाडला असता? आणि राधानगरीच्या धरणावर नऊ जणांत एक कणीस वाटून खाण्याची जी गंमत होती, ती एकटीला कुठून येणार.

येत्या रविवारी विजयदुर्ग. सहा गाड्या नक्की झाल्यात, म्हणजे तीन-तीनच्या दोन तुकड्या. साडेसहाला जामसंडे. टायर, ब्रेक आदल्या दिवशी बघून या, टाकी भरून या, हेल्मेटचा पट्टा लावून या. दोन नंबर माझा आहे, तो कुणी मागू नये.