घर भाड्याने देण्याआधी करार नीट वाचा, आणि अकरा महिन्यांचा गैरसमज डोक्यातून काढा

दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणारी माणसं कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजतात, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) वकिलाकडून तपासून घेतात, व्याज पाव टक्क्याने कमी मिळावं म्हणून चार बँका पालथ्या घालतात. तोच फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली की झेरॉक्सच्या दुकानातून पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दोन पानं छापून आणतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि किल्ली देऊन मोकळे होतात. त्या पानांवर कधी आधीच्या गिऱ्हाइकाच्या इमारतीचं नावही तसंच राहून गेलेलं असतं. चाळीस-पन्नास लाखांची मालमत्ता त्या दोन पानांच्या भरवशावर दुसऱ्याच्या ताब्यात जाते. हे बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. भाड्याचा कायदा राज्याराज्यांत वेगळा असतो.

आधी अकरा महिन्यांबद्दल. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत देशभर पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, जो 31 मार्च 2000 पासून लागू आहे, त्याच्या कलम 55 ने ही पळवाट बंद केली. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स (घर ठराविक मुदतीपुरतं फक्त वापरायला देण्याचा करार), मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी घरमालकावर आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका वेगळाच आहे. करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. तुम्ही म्हणाल भाडं वीस हजार, तो म्हणेल आठ हजार.

एवढा धोका किती रुपये वाचवायला पत्करतो, तेही बघा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. महिना 20,000 भाडं, मुदत 24 महिने, म्हणजे 4,80,000. परत करायची अनामत 1,00,000, तिच्यावर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज, दोन वर्षांचे 20,000. बेरीज 5,00,000, तिचे 0.25 टक्के म्हणजे 1,250 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. वर एजंटचा मेहनताना. आधारला जोडलेला अंगठा मशीनवर घेऊन हे काम घरबसल्या ऑनलाइन होतं.

आता लिव्ह अँड लायसन्सच का, भाडेपट्टा का नको? भाडेपट्ट्यात भाडेकरूचा त्या जागेत हक्क तयार होतो. लायसन्समध्ये तुम्ही फक्त वापरायची परवानगी देता, कायदेशीर ताबा तुमचाच राहतो. जुन्या लोकांच्या मनात याबद्दल जी धास्ती आहे ती उगाच नाही. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेल्यांना कायद्यात दुरुस्ती करून भाडेकरूचा दर्जा दिला होता. कित्येक कुटुंबांच्या जागा त्यात कायमच्या अडकल्या. आणखी एक लक्षात ठेवा, वर नुसतं ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहून भागत नाही. कोर्ट मथळा बघत नाही, अटी आणि प्रत्यक्ष वागणूक बघतं. म्हणून करारात भाडं, भाडेकरू, भाडेपट्टा हे शब्द येऊ देऊ नका. पावतीवरही ‘लायसन्स फी’ असंच लिहा.

राहण्यासाठी दिलेल्या घराचा नोंदवलेला लायसन्स करार असेल तर याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 तुमच्या बाजूने उभं राहतं. मुदत संपली आणि माणूस हलत नाही, तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं घालवायची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याला प्रतिज्ञापत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर बेदखलीचा आदेश होतो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात लिहिलेली गोष्ट इथे निर्णायक पुरावा मानली जाते, म्हणून तर तो करार काळजीपूर्वक लिहायचा.

यात एक खाच आहे आणि गुंतवणूकदार नेमके तिथे ठेचकाळतात. कलम 24 मुदत ‘संपल्यावर’ कामाला येतं. 60 महिन्यांचा करार केला आणि पाचव्या महिन्यात पैसे यायचे थांबले, तर समोरचा म्हणणार मुदत बाकी आहे. वाद तिथेच सुरू होतो. म्हणून अनोळखी माणसाला पहिल्यांदा देताना मुदत 11-12 महिनेच ठेवा, आणि दोन महिने फी थकल्यास नोटीस देऊन परवाना रद्द होईल अशी स्पष्ट अट घाला. आणि मुदत संपली की ‘चालू दे ना’ म्हणून तसंच पुढे रेटू नका. मुदतीनंतर खात्यात भाडं घेत राहिलात की समोरच्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

दुकानाचा गाळा घेणाऱ्यांनो, कलम 24 तुमच्यासाठी नाही, ते फक्त राहत्या घरांना आहे. गाळ्यासाठी मुंबईत लघुवाद न्यायालय गाठावं लागतं. उलट एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल, किंवा बँक असेल, तर भाडे नियंत्रणाचं संरक्षण तिला मिळतच नाही. माझ्या मते व्यापारी जागेत हाच सर्वांत सुरक्षित सौदा.

जुन्या इमारतीतली जागा ‘भाडेकरूसकट’ स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी मात्र दहादा विचार करावा. विकत घेतलीत की तुम्ही फक्त नवे मालक, भाडेकरूचे हक्क जसेच्या तसे. कायद्याने वाढ वर्षाला 4 टक्के; 300 रुपये भाडं असेल तर 12 रुपये. थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस, मग 90 दिवस थांबायचं, मग दावा. समन्सनंतर 90 दिवसांत 15 टक्के व्याज आणि खर्चासह पैसे भरले की तो वाचतो. स्वतःच्या गरजेसाठी जागा मागितली तरी कोर्ट दोघांपैकी कोणाची अडचण मोठी हे तोलतं. भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो.

मात्र ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही नुसती आवई आहे. जो तुमच्या परवानगीने राहतो त्याचा ताबा प्रतिकूल, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्धचा, ठरत नाही. तसंच ‘अनामत दोनच महिन्यांची घेता येते’ हा मेसेज. ती तरतूद केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे आणि महाराष्ट्राने तो लागू केलेला नाही.

भाडं थकलं म्हणून वीज तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं कधीही करू नका. आवश्यक सेवा तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे गुन्हा आहे. ते चूकही आहे, त्या घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतात. शिवाय उद्या प्राधिकाऱ्यासमोर तुमचीच बाजू लंगडी होते. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा. सोसायटी बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावलेलं) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावू शकते, तेही पालिकेचे कर वगळून. जास्त मागत असतील तर 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश दाखवा. परदेशात राहणाऱ्या मालकाचं घर असेल तर भाडेकरूने साधारण 31.2 टक्के कर कापून भरायचा असतो. हे आधीच बोलून घ्या.

किल्ली देण्याच्या दिवशी अर्धा तास काढा. वीजमीटरचा आकडा दिसेल असा फोटो, पंखे किती, गीझर कोणत्या कंपनीचा, बेसिनला तडा आहे का, दाराच्या किल्ल्या तीन की चार, सगळं दोघांनी मिळून लिहा आणि दोघांनी सही करा. ही यादी करारालाच जोडा. अनामतीची भांडणं बहुतेक वेळा अशा एखाद्या तड्यावरूनच सुरू होतात.