फ्रेडीनं बँड सोडलाच नव्हता, दाजी

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला : "मामा, हाई खरं शे का?" खाली तोच लांबलचक फॉरवर्ड. पंधरा दिवसांत तो मला तीन ग्रुपांवर आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता पुढे सरकलो होतो. या वेळी मात्र तो दाजींनी स्वतःच्या पोराला पाठवला होता, आणि का पाठवला तेही मला ठाऊक होतं. भाचा अमळनेरकडच्या एका बँड पार्टीत गातो. यंदा त्यानं स्वतःच्या पैशांनी एक अहिराणी गाणं धुळ्यात रेकॉर्ड केलंय, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी यूट्यूबवर टाकायचंय. तेव्हापासून बँडमालकाचं तोंड वाकडं आणि दाजींचं त्याहून वाकडं.

फॉरवर्डचा सारांश असा. ब्रिटनचा रॉक गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत जन्मला. लंडनला जाऊन नावाची लाज वाटली म्हणून त्यानं ते बदललं. क्वीन हा बँड मोठा झाल्यावर पैशाच्या हावेनं तो एकटा बाहेर पडला, बँड फुटला, एकट्यानं काढलेलं एकेक गाणं आपटलं. मग एड्स झाला, डोळे उघडले, रडत परत आला, आणि मित्रांनी मोठ्या मनानं माफ करून त्याला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमाच्या स्टेजवर उभं केलं. शेवटी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये गाऊन त्यानं जगाचा निरोप घेतला. तात्पर्य : कळप सोडलेल्या मेंढराला लांडगा खातो.

ऑलिंपिकचं आधी उरकतो. बार्सिलोना ऑलिंपिक जुलै १९९२ मध्ये सुरू झालं. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. म्हणजे जाऊन आठ महिने झालेला माणूस उद्घाटनाला गायला! 'बार्सिलोना' हे गाणं त्यानं मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर १९८७ मध्येच काढलं होतं. ऑलिंपिकच्या वेळी ते पुन्हा बाजारात आणलं, तेवढंच.

जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. पारशी घर, नाव फारोख बलसारा. मूळ गाव बलसार, म्हणजे आजचं वलसाड. आमच्या नवापूरवरून सुरतेकडे उतरलं की तिथून फार लांब नाही. पाचगणीला तो शाळेसाठी आला, सेंट पीटर्सच्या वसतिगृहात राहिला, 'हेक्टिक्स' नावाच्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आणि 'फ्रेडी' हे नाव लंडनचं नाहीच, ते पाचगणीच्या दोस्तांनी पाडलेलं. मोठेपणी तो आपल्या मुळांबद्दल जाहीरपणे फारसा बोलला नाही, हे मात्र मान्य करावं लागेल.

आता बँड फुटल्याची कथा. ही २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमानं पसरवली. पडद्यावर फ्रेडी एकट्याचा करार केल्याचं सांगतो आणि बाकीचे तिघं असे बघतात, जणू घराची वाटणी मागितली. प्रत्यक्षात क्वीनमधून एकट्यानं अल्बम काढणारा पहिला माणूस ड्रमर रॉजर टेलर होता, १९८१ मध्ये. गिटारवाल्या ब्रायन मेनं १९८३ मध्ये दुसऱ्या वादकांना घेऊन आपलं स्वतंत्र रेकॉर्ड काढलं. रॉजरचं दुसरं १९८४ मध्ये आलं. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' त्यानंतर, २९ एप्रिल १९८५ ला. ज्या बँडमध्ये दोघं आधीच स्वतःचं करून बसलेत, तिथं तिसऱ्यानं केलं की गद्दारी?

आणि त्या आठवड्यात क्वीन कुठे होतं? सिडनीत, चौघंही, स्टेजवर. दाजी, हा एक कागद बघितलात तरी अख्खा फॉरवर्ड कोसळतो : क्वीनच्या १९८५ च्या कार्यक्रमांच्या तारखा. जानेवारीत रिओ. एप्रिलमध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. मे महिन्यात जपान, शेवटचा कार्यक्रम ओसाकाला १५ मे रोजी. लाइव्ह एड १३ जुलैला. मधे दिवस किती? एकोणसाठ. आपल्याकडे चातुर्मासात लग्नं थांबली की बँडवाले चार महिने ढोल-ताशे गुंडाळून ठेवतात, पोरं शेतावर जातात. कुणी म्हणतं का की बँड फुटला?

'मिस्टर बॅड गाय'च्या कव्हरवर फ्रेडीनं बाकी तिघांचे आभार मानलेत, मधे लुडबुड न केल्याबद्दल. भांडून निघालेला माणूस अशी थट्टा करत नाही. अल्बम त्यानं मांजरांना अर्पण केला होता, ते सोडून द्या.

"एकेक गाणं आपटलं." इथं अर्धं खरं आहे, आणि मला ते सांगायला आवडत नाही, कारण कॉलेजात त्या कॅसेटची फीत निघेपर्यंत मी ती वाजवली होती. ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत 'मेड इन हेवन' ५७ वर अडकलं, 'लिव्हिंग ऑन माय ओन' ५० वर, 'लव्ह मी लाइक देअर इज नो टुमॉरो' तर ७६ वर. सीबीएस या रेकॉर्ड कंपनीनं ओतलेला पैसा पाहता ही कमाई हलकीच. पण त्याच यादीत 'लव्ह किल्स' दहावं होतं. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' अकरावं. आदल्या वर्षी खुद्द क्वीनचं 'हॅमर टू फॉल' तेरावर थांबलं होतं. 'द ग्रेट प्रिटेंडर' १९८७ मध्ये चौथं आलं. आणि ते ५० वर अडकलेलं गाणं १९९३ मध्ये नव्या मिक्सनं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ५७ आणि ७६ तेवढे वाचले असावेत. किंवा काहीच वाचलं नसावं.

बाकी सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण "एड्स झाला, डोळे उघडले" हे वाचून डोकं फिरलं. लाइव्ह एडच्या वेळी आजाराचं निदानच झालेलं नव्हतं. त्याचा जोडीदार जिम हटन यानं पुढे सांगितल्याप्रमाणे ते कळलं एप्रिल १९८७ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी. सिनेमानं रडवण्यासाठी ते अलीकडे ओढलं, फॉरवर्डवाल्यानं त्याची शिक्षा करून टाकली : साथ सोडली म्हणून रोग झाला. विषाणू काय बँडचं हजेरीपत्रक बघून येतो? आपल्या जिल्ह्यातही एचआयव्हीची औषधं रोज घेणारी, ट्रक चालवणारी, शेती करणारी, लेकरं वाढवणारी माणसं आहेत. यातली कितीतरी घरात कुणाला सांगत नाहीत, ती अशाच वाक्यांच्या भीतीनं. उद्या त्यांच्यातल्या कुणाच्या फोनवर हे गेलं तर? दाजी, तुम्ही तो परिच्छेद वाचला तरी होता का?

आणि निदान झाल्यावर त्यानं काय केलं? काम. काबायेबरोबरचा अख्खा अल्बम १९८८ मध्ये. क्वीनबरोबर 'द मिरॅकल' १९८९ मध्ये, 'इन्युएन्डो' १९९१ च्या सुरुवातीला. त्या मे महिन्यातही तो गाणी रेकॉर्ड करत होता. एकट्याचं आणि चौघांचं, दोन्ही, शेवटपर्यंत.

त्याच्या निर्णयांवर बोट ठेवायचंच असेल तर एक जागा मी दाखवतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांची वर्णभेदी राजवट असताना, कलाकारांनी तिथं जाऊ नये असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलेलं असताना, क्वीन सन सिटीत जाऊन वाजवून आलं. ब्रिटनच्या वादक संघटनेनं दंड केला. तो निर्णय चुकला असंच मी आजही म्हणतो. पण तिथं फ्रेडी एकटा गेला नव्हता, आख्खा कळप गेला होता.

भाच्याला मी एवढंच कळवलं : "खरं नाही. झोप." दाजींना ओसाकाची तारीख आणि लाइव्ह एडची तारीख, दोनच ओळी पाठवल्या. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. गाण्याचं मिक्सिंग झालंय. आखाजीच्या आठवड्यात पोराला चार सुपाऱ्या आहेत. चारही त्याच बँडबरोबर, त्याच मालकाच्या गाडीवर.