शेतमजुरांना ट्रेनिंग म्हणजे पैसे वाया? त्या मेसेजला उत्तर

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. "शेतमजुरांना नवीन टेक्नॉलॉजीचं ट्रेनिंग म्हणजे पैसे वाया" असं हेडिंग आणि खाली चार मुद्दे: मशीनचं फक्त बटन दाबायचं असतं, कामं तशीही जाणारच, गेली तरी लोक आपोआप दुसरीकडे लागतात, आणि वयस्कर माणसांना हे जमत नाही. एरवी मी असल्या फॉरवर्डना उत्तर देत बसत नाही. पण माझा चुलतभाऊ मजुरीने फवारणीला जातो, त्याने ड्रोनच्या ट्रेनिंगला नाव दिलं होतं आणि हे वाचून काढून घेतलं. आता गप्प बसवत नाही.

आधी ते बटन. हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, यात माणसं मरतात. ट्रॅक्टरच्या मागचा पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनच्या जोरावर मागे जोडलेलं मशीन फिरवणारा दांडा, साधारण मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. त्यात बाहीचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही, शेजारचा धावत येऊन इंजिन बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शाफ्टवरचा गार्ड तुटलाय तर मशीन चालूच करायचं नाही, अडकलेला कचरा काढायच्या आधी इंजिन बंद करून चावी खिशात टाकायची, हे कुठलं बटन शिकवतं? ड्रोनचंही तेच. पाठीवरच्या पंपाला जिथे एकरी १५०-२०० लिटर पाणी लागतं तिथे ड्रोन १० लिटरच्या आसपास भागवतो, पण औषध जवळपास तेवढंच, म्हणजे टाकीतलं मिश्रण कितीतरी पट कडक, आणि ते कालवायला उभा असतो मजूर! हातमोजे कुठले घालायचे, वारा किती असला की उडवायचा नाही, फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला नको? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा शेतीतल्या सुरक्षेचा २००१ चा करार आहे, क्रमांक १८४. त्यात म्हटलंय की मशीनबद्दलची सुरक्षेची माहिती कामगाराला मिळाली आणि समजली, हे बघणं मालकाचं काम. नुसतं माहितीपत्रक हातात देऊन भागत नाही.

कामं जाणार हा मुद्दा अर्धा खरा आहे, मान्य करावंच लागेल. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सॉससाठीचा टोमॅटो जवळजवळ सगळा हाताने तोडत, १९७० पर्यंत जवळजवळ सगळा मशीनने निघायला लागला. हजारो लोकांचं काम गेलं. पण सुरुवातीला त्याच मशीनवर उभं राहून टोमॅटो निवडायला माणसं लागत होती, ती कामं पुढे १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सॉर्टर आल्यावर कमी झाली. म्हणजे बदल टप्प्याटप्प्याने आला, मधे शिकवायला वेळ होता.

आणि "आपोआप दुसरीकडे लागतात" म्हणणाऱ्यांनी हेच उदाहरण नीट बघावं. अँड्र्यू श्मिट्झ आणि डेव्हिड सेकलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या टोमॅटो मशीनचा हिशोब मांडला. निष्कर्ष असा की फायदा एवढा मोठा होता की काम गेलेल्यांना भरपाई देऊनही समाजाच्या हातात शिल्लक राहिली असती. ती भरपाई दिली नाही. आपोआप काही झालं नाही, फायदा एकाकडे गेला आणि भार दुसऱ्यावर पडला. ट्रेनिंगचा खर्च त्या फायद्यातून काढायचा असतो, त्याला वाया जाणं म्हणत नाहीत.

वयस्करांचं म्हणाल तर सॅटेलाइटचा फोटो शेतातला पिवळा पट्टा दाखवतो, तो पाण्याने झाला, किडीने की खत कमी पडल्याने, हे शेतात जाऊन पान उलटून बघणाराच सांगू शकतो, आणि ती नजर बहुतेक वेळा वयस्कर माणसाकडेच असते. हां, हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवायच्या आणि सर्टिफिकेट वाटायचं असलं ट्रेनिंग खरंच कुचकामी, त्यावर माझं भांडण नाही. शिकवायचं तर मशीन समोर ठेवून, शेतात, कामाच्या वेळात, आणि त्या दिवसाची मजुरी देऊन. रोज बुडवून कोण येणार?