फिल्म मारण्याआधी काच मोजणारा कारागीर

गाडीच्या काचांवर सनफिल्म मारून घ्यायची असेल, तर कोणत्या कंपनीची फिल्म चांगली हे विचारण्याआधी ती कोणाच्या हातून मारून घ्यायची हे ठरवावे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. या मतासाठी मी एकदा पूर्ण कामाचे पैसे, एकदा दंड आणि मागच्या काचेवरच्या डीफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या, तापणाऱ्या तारांच्या) दोन रेषा एवढी किंमत मोजली आहे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या भागात उन्हाळा लागला की अनेक जण याच विचारात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात काम करते. जॉब मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, हा तिथला रोजचा नियम आहे. तरीही स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी काहीही न मोजता काम करून घेतले, याचे मला आजही वाईट वाटते.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांच्या उपचारासाठी कोल्हापूरच्या खेपा सुरू झाल्या. बेळगावहून हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट, निपाणी, कागल असा हा रस्ता साधारण उत्तरेकडे जातो. सकाळी निघाले की ऊन पूर्वेकडून, म्हणजे चालवणाऱ्याच्या उजव्या हातावर येते, आणि दुपारनंतर परतताना तोंड दक्षिणेकडे असल्यामुळे पश्चिमेचे ऊनही पुन्हा उजवीकडूनच येते. दोन्ही वेळा तोच हात भाजतो आणि डावीकडे बसलेल्या बाबांच्या डोळ्यांवर तीच तिरीप पडते. समोरची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली असते आणि ती अतिनील किरणे बरीच अडवते. दाराच्या काचा मात्र सहसा एकाच थराच्या, टणक केलेल्या असतात आणि त्यांतून हे किरण त्या मानाने अधिक आत येतात. त्यामुळे फिल्मची गरज खरी होती. माझे चुकले ते माणूस निवडण्यात.

पहिल्या दुकानदाराचे नाव मी लिहिणार नाही, कारण मुद्दा एका दुकानाचा नाही. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली लावून घेतली, रोल उलगडला आणि ‘पन्नास टक्क्यांची आहे, कायद्यात बसते,’ असे सांगून दीड तासात काम संपवले. फिल्म काचेवर ठेवूनच ब्लेडने कडा कापल्या. आठवड्याभरात चिकटद्रव्यात अडकलेले धुळीचे कण दिसू लागले, वर्षभरात फिल्म जांभळट पडली आणि पुढच्या पावसाळ्यात मागच्या काचेवर बुडबुडे आले. दरम्यान सीमेपलीकडे वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवली आणि मी दंड भरला. त्यांचे काहीच चुकले नव्हते. पुढे ती फिल्म काढताना मागच्या काचेवरच्या डीफॉगरच्या दोन रेषा तिच्याबरोबर सोलून निघाल्या आणि दाराच्या काचेच्या कडेला ब्लेडचा बारीक, लांब ओरखडा उघडा पडला. नख फिरवले की तो अजूनही लागतो.

आता कायद्याविषयी, कारण दुकानदाराच्या खरेपणाची पहिली परीक्षा इथेच होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निर्णय देताना असे सांगितले, की ही टक्केवारी मूळ काचेची आहे आणि तिच्यावर कोणत्याही टक्क्याची फिल्म चिकटवता येणार नाही. त्यानंतर नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली; १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीत भारतीय मानकांत बसणाऱ्या, आतून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेला जागा मिळाली. तिच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी मानकांनुसारची फिल्म लावणे बेकायदा नाही, असा निर्णय दिला.

आपण मात्र केरळात राहत नाही. आपली गाडी एकाच आठवड्यात कर्नाटक, महाराष्ट्र आणि चोर्ला घाटातून गोवा अशा तीन राज्यांत फिरते, आणि रस्त्यावर अडवणारा पोलीस २०१२ चा निर्णय धरून बोलला तर त्याला खोटे ठरवता येत नाही. म्हणून ‘आता सगळे चालते, अक्का, बिनधास्त मारा,’ असे म्हणणाऱ्याच्या दुकानातून मी तरी उठून यावे असे म्हणेन. जो ही सगळी परिस्थिती समजावून सांगतो, फिकट फिल्मचाच आग्रह धरतो आणि धोका पत्करायचा की नाही हे तुमच्यावर सोडतो, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. माझ्यापुरते मी ठरवले, की नियमाच्या टक्केवारीत बसणारी फिल्म मारायची, कागद गाडीत ठेवायचे आणि काढायला सांगितले तर वाद न घालता काढायची.

पहिला दुकानदार ‘पन्नास टक्के’ म्हणाला तेव्हा तो खोटे बोलला असेल असेही मी म्हणत नाही. त्याला बहुधा हिशेबच माहीत नव्हता. कंपनीतून येणारी दाराची काच मुळात हिरवट छटेची असते आणि तिच्यातून शंभर टक्के प्रकाश येत नाहीच. माझ्या गाडीची फिल्म नसलेली काच पुढे प्रकाश मोजणाऱ्या मीटरने मोजली तेव्हा ७६ टक्के भरली. तिच्यावर पन्नासची, म्हणजे पन्नास टक्के प्रकाश आत सोडणारी, फिल्म मारली की ७६ चे निम्मे, म्हणजे ३८ टक्केच प्रकाश उरतो. हे आकडे एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. सत्तरची फिल्म मारली तर ७६ गुणिले ०.७०, म्हणजे ५३ च्या आसपास, आणि मगच बाजूची काच नियमात बसते. समोरच्या काचेला हाच हिशेब लावा: ती ७६ टक्के धरली आणि नव्वदची, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी फिल्म मारली, तरी ६८ वर येते आणि ७० ची मर्यादा मोडते. त्यामुळे ‘समोरही मारून देतो’ असे मीटर न लावताच म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. एका साध्या प्रश्नावर बरेच कळते: ‘माझी काच आधी किती आहे?’ ज्याच्याकडे मीटर आहे तो काही न बोलता मीटर आणतो.

दुसऱ्या खेपेला मी पाच दुकाने फिरले आणि त्यांपैकी एकाच ठिकाणी मीटर निघाला. ते तीन माणसांचे लहानसे दुकान आहे. मालक स्वतः फिल्म मारतो, घरात कानडी आणि गिऱ्हाइकांशी मराठी बोलतो. त्याने उघड्या काचेचा आकडा मला वाचायला लावला आणि वहीत लिहून घेतला. फिल्म दाखवतानाही मला त्याचे वागणे आवडले. बहुतेक दुकानांत उष्णतेच्या दिव्यापुढे फिल्म धरून पलीकडे हात ठेवायला सांगतात. क्षणभर गारवा वाटतो आणि गिऱ्हाईक पटकन पैसे काढते. याने दिवा पाच मिनिटे तसाच चालू ठेवला. स्वस्त फिल्म दिव्याची उष्णता शोषून स्वतः तापली आणि तिची धग हाताला लागू लागली. तो म्हणाला, ‘इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे किरण, अडवण्याचा मोठा आकडा पाहू नका, तो कधी कधी त्या किरणांच्या थोड्याच पट्ट्यातला असतो, एकूण सौर ऊर्जा किती अडवते ते पाहा.’ अतिनील किरण ९९ टक्के अडवण्याचा दावा तर स्वस्त-महाग जवळजवळ सगळ्याच फिल्म करतात, तेव्हा त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. नुसता रंग भरलेली फिल्म काही वर्षांत फिकी किंवा जांभळी पडते. धातूचा थर असलेली उष्णता चांगली परतवते, पण मोबाइल आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करू शकते, आणि समोरच्या काचेवर असली तर हत्तरगी किंवा कोगनोळीच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाण्यात अडचण येऊ शकते. सिरॅमिकच्या कणांच्या फिल्ममध्ये ही अडचण नाही, पण ती महाग. गरवारे असो की ३एम, कंपनीचे नाव सगळेच सांगतात; रोलवरचा क्रमांक दाखवा म्हटले की काही जण विषय बदलतात.

कामाच्या दिवशी मी सकाळपासून तिथेच बसले. शटर अर्धे ओढून जमिनीवर पाणी मारले होते, पंखा बंद होता, कारण हवेत उडालेला एकेक कण फिल्मखाली जाऊन बसतो. दारावरच्या काचेच्या बटणांवर त्याने टॉवेल बसवून टेप लावली, जेणेकरून साबणाचे पाणी आत उतरू नये. काच तीनदा धुतली. तिसऱ्यांदा रबराच्या बीडिंगमध्ये बोट घालून तिथली माती काढली. तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गाडीच्या मागच्या वक्र काचेची फिल्म त्याने आधी बाहेरच्या बाजूने ठेवून हीट गनने आकसून घेतली, मगच आत लावली, आणि ब्लेड काचेला लावलेच नाही. तुकडे मशीनवर आधीच कापलेले होते. एका दारावर कण अडकला तेव्हा मी काही बोलण्याआधीच त्याने तो तुकडा काढून टाकला आणि नवा घेतला. माझ्या लेखी त्या कामाची खरी किंमत त्या एका तुकड्यात होती.

शेवटी त्याने फिल्मसह काच मोजली: ५३. बिलावर कंपनी, फिल्मचे नाव, प्रत्येक काचेचा आकडा आणि रोलचा क्रमांक लिहिला, आणि मी तिथे उभी असतानाच कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी नोंदवली. वॉरंटी फिल्मची आणि हमी मजुरीची, अशा दोन गोष्टी असतात. दुसरीबद्दल स्पष्ट विचारावे, कारण पहिली कंपनी देते आणि दुसरी फक्त तोच देऊ शकतो. पैसे पहिल्या वेळेच्या चौपट लागले, आणि मला ते जास्त वाटले नाहीत.

माझ्या गाडीच्या मागच्या काचेबद्दल मात्र त्याने आधीच नकार दिला होता. तिथे नियम सत्तरचा आहे आणि डीफॉगरच्या उरलेल्या रेषांवर पुन्हा काही चिकटवून पुढे काढायची वेळ आली तर त्याही जातील, असे त्याचे म्हणणे. त्या दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवून मी आग्रह धरला, तरी तो बधला नाही.  तिची मूळ काच जास्त पारदर्शक होती आणि ती त्याने आधी मोजून घेतली होती.

निघताना त्याने आठ दिवस काचा खाली न करण्याची ताकीद दिली. जून महिना होता. आपल्याकडच्या झडीच्या हवेत फिल्मखालचे पाणी सुकायला जास्त दिवस लागतात, तोवर दिसणारा धूसरपणा आणि बारीक पाण्याचे थेंब हा दोष नव्हे, हे त्याने सांगितले नसते तर मी चौथ्या दिवशी भांडायला गेले असते. ‘पाऊस संपला की एकदा दाखवून जा, अक्का,’ एवढे म्हणून त्याने वहीत तारीख टाकली. दसऱ्यानंतर मी गेले, तेव्हा त्याने चारही काचा खाली-वर करून कडा बोटाने तपासल्या, डाव्या दाराचा एक कोपरा गरम करून पुन्हा दाबला आणि पैसे घेतले नाहीत.