'पगार बघू नका' म्हणणाऱ्यांसाठी वजाबाकी

परवा भाचीनं व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला. आमच्या दोन कौटुंबिक ग्रुपवर तो आधीच फिरून गेला होता. 'तिशीच्या आत पगाराकडे बघू नका. शिकायला मिळतं तोच खरा पगार. कमी पैशात का होईना, मोठ्या कंपनीत शिरा, तीन वर्षांत सगळ्यांच्या पुढे जाल. पैशाच्या मागे लागणारा तिथंच राहतो.' खाली तिचा प्रश्न : "आत्या, खरंय का गं?"

ती राहते डोंबिवलीला. सध्याच्या ऐरोलीच्या नोकरीत महिना 40,000 हातात येतात, आणि अंधेरीच्या एका कंपनीनं 30,000 देऊ केलेत. कामाचं स्वरूप चांगलं आहे, यात वाद नाही. ऑफर लेटरं काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम असल्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं लिहिते.

'तीन वर्षांत पुढे जाल' इथून सुरू करू, कारण हे मोजता येतं. समजा ऐरोलीत दरवर्षी 8 टक्के वाढ मिळाली आणि अंधेरीत न चुकता 20 टक्के. (दरवर्षी 20 टक्के देणारी कंपनी सापडली तर मलाही कळवा.) तिसऱ्या वर्षी ऐरोलीचा पगार 46,656 आणि अंधेरीचा 43,200, म्हणजे अजून मागेच. चौथ्या वर्षी अंधेरी पुढे जाते, पण तोवर तीन वर्षांत मिळून जवळपास 2,48,000 रुपये कमी आलेले असतात. ते भरून निघायला सहावं वर्ष उजाडतं. आणि दोन्हीकडे सारखीच 10 टक्के वाढ मिळाली तर? आजचं 10,000 चं अंतर पाच वाढींनंतर 16,105 होतं. मागे पडलेला पगार आपोआप पुढे येत नाही, तो मागेच वाढत राहतो.

त्यात आमच्या लोकांची एक सवय. उमेदवार आला की आम्ही आधी विचारतो, "सध्याचा पगार किती?" वर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतो आणि त्यावर काही टक्के चढवून आकडा ठरवतो. तुम्ही शिकण्यासाठी कमी घेतलंत, ही गोष्ट स्लिपवर छापलेली नसते.

मजकुरात नसलेली एक बाब भाचीच्या बाबतीत फारच महत्त्वाची आहे. तिला ऐरोलीत पाच वर्षं पूर्ण व्हायला आठ महिने उरलेत. पाच वर्षं सलग भरली की ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क लागतो. ढोबळ हिशेब असा : महिन्याच्या मूळ पगाराला (स्लिपवरच्या 'बेसिक'ला) 26 नं भागून 15 नं गुणायचं, आणि तेवढी रक्कम नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी. तिचा मूळ पगार 20,000 आहे, म्हणजे पाच वर्षांचे साधारण 57,700. आठ महिने आधी उठून जायचं असेल तर हा आकडाही वजाबाकीत धरायला हवा.

'शिकायला मिळतं तोच खरा पगार.' हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवं. कमी पैशात शिकणं आपल्याकडे नवीन नाही. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करणारी मुलं तेच करतात. शिकाऊ उमेदवारांसाठी तर 1961 सालचा कायदाच आहे. पण तिथं करार लेखी असतो, मुदत ठरलेली असते, विद्यावेतन ठरलेलं असतं. अंधेरीच्या ऑफर लेटरमध्ये शिकण्याबद्दल एक ओळ नाही. जे काही आहे ते मुलाखतीत तोंडी. काय शिकवणार, कोण शिकवणार, पगाराचा फेरविचार कोणत्या महिन्यात, याचं उत्तर कागदावर येत नसेल तर तो पगार नव्हे, आश्वासन आहे.

मोठ्या नावाचा फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण बायोडेटात नाव वाचून झालं की पुढचा प्रश्न 'तिथं तुम्ही नेमकं काय केलंत?' हाच असतो.

राहिलं 'पैशाच्या मागे लागणारा'. हे वाक्य मला चीड आणतं. मी स्वतः 2013 साली महिना 4,000 कमी घेऊन नोकरी बदलली होती आणि तो निर्णय बरोबर ठरला. आधीच्या ठिकाणी हजेरीचे तक्ते भरण्यापलीकडे काही नव्हतं, नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यापासून भरतीचं काम हातात आलं. पण मी तेव्हा वडिलांच्या मुलुंडच्या घरात राहत होते. भाडं शून्य, डबा आईचा. माझं धाडस त्या दोघांच्या खर्चानं चाललं होतं. भाचीच्या घराचा हप्ता ती आणि तिचा भाऊ मिळून भरतात. तिनं पैसे मोजले तर ती हावरट ठरत नाही.

शिवाय ऐरोली म्हणजे ठाण्याला गाडी बदलली की झालं. अंधेरीसाठी घाटकोपरला उतरून मेट्रो, नाहीतर दादरला बदलून पश्चिम रेल्वे. पासाचे पैसे वेगळे आणि संध्याकाळी घरी येऊन शिकायला उरणारा जीव वेगळा.

मी तिला 'नको' म्हटलेलं नाही. दोन गोष्टी मागायला सांगितल्या : रुजू व्हायची तारीख आठ महिने पुढे, आणि वर्षभरानंतरच्या पगाराचा फेरविचार लेखी. तिनं मेल पाठवला. 'प्रत्यक्ष भेटून बोलू, कधीही या' असं उत्तर आलंय. ती दुपारची वेळ घेत होती, मी म्हटलं, सकाळी साडेनऊची घे. घाटकोपरचा मेट्रोचा जिना त्या वेळच्या गर्दीत एकदा चढून बघ, मग बोल त्यांच्याशी.