भांडखोर पूर्वजांचे उपकार

माझ्या मावशीचे यजमान निवृत्त झाले आणि त्यांनी आपल्या घराण्याची वंशावळ पूर्ण करण्याचे मनावर घेतले. त्या घराण्याशी माझा संबंध मावशीच्या लग्नापुरता. परंतु मी मोडी लिपीचा वर्ग केल्याची बातमी मावशीने कौतुकाने त्यांच्या कानावर घातली होती, आणि प्रमाणपत्र मिळणे व मोडी वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे पटवून देण्याइतकी उसंत काकांनी मला दिली नाही. त्यांची अपेक्षा एकच होती : मूळपुरुष पानिपतावर लढलेला असावा. १७६१ च्या त्या युद्धात ज्याचा पूर्वज नव्हता असे घराणे मला अद्याप भेटलेले नाही. एवढे सगळे खरोखरच गेले असते, तर निकाल निराळा लागता.

घरातल्या माणसांना विचारून सुरुवात केली, आणि तिथेच गुंता झाला. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे या घराण्यात रामचंद्र विष्णू आणि विष्णू रामचंद्र एवढेच दोघे आलटून पालटून जन्माला येत राहिले होते, त्यामुळे जमीन गहाण टाकली कोणत्या विष्णूने आणि सोडवली कोणत्या रामचंद्राने, याचा उलगडा होईना. बायकांची तऱ्हा याहून वाईट. सुनांची नावे लग्नात बदललेली, माहेरची आडनावे कोणाच्या लक्षात नाहीत, आणि मुली तर दुसऱ्या घरी गेल्या म्हणून तक्त्यातूनच गेलेल्या. हिशेबाने प्रत्येक माणसाला आठव्या पिढीत २५६ पूर्वजांच्या जागा असतात. काकांच्या तक्त्यात त्या पिढीत एकच गृहस्थ होते, आणि त्यांच्याही नावापुढे प्रश्नचिन्ह होते.

त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पिढीजात पुरोहितांच्या, वहीत पणजोबांच्या हातची नोंद निघाली. त्यांच्यासोबत कोण आले होते ते तिच्यात होते, हेही काही कमी नव्हे. पुढे मात्र पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराला शरण जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिथे रुमालातून, म्हणजे दफ्तराच्या कापडी गाठोड्यातून, एक कागद निघाला. आधी आखून घेतलेल्या रेघेला अक्षरे वटवाघळांसारखी लटकलेली, शब्द कुठे संपतो याचा पत्ता नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध लेखकाने मुळीच बाळगलेला नाही. बऱ्याच झटापटीनंतर तारखेच्या जागी ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे लागले. एक, सत्तर, शंभर आणि हजार; म्हणजे शुहूर सन ११७१, मराठेशाहीच्या कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिला जाणारा सन. शक असता तर ७८ मिळवून मोकळे होता आले असते. शुहूर सनात महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. उत्तर आले १७७०-७१. माझे हे सर्व विवरण काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे पानिपतानंतर?”

पानिपतानंतरच. मूळपुरुष पानिपतावर गेल्याचा काही पुरावा नव्हता. युद्धानंतर दहा वर्षांनी ते स्वतःच्या गावात, सुखरूप, चुलतभावाशी होळीच्या पहिल्या पोळीच्या मानावरून भांडत होते. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र त्या गृहस्थांविषयी अपार कृतज्ञता वाटली, कारण त्या पोळीसाठी दोन्ही बाजूंनी आपापले करीने, म्हणजे हक्काच्या लेखी हकिगती, लिहून दिले होते आणि आपणच थोरल्या पातीचे, म्हणजे शाखेचे, कसे, हे सिद्ध करण्याच्या भरात पणजोबा-खापरपणजोबांपर्यंत सर्वांची नावे ओळीने सांगितली होती. भाऊबंदकी नसती तर हे कोणी कशाला लिहून ठेवले असते?

यानंतरचा कागद थेट इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजी अमदानीतल्या इनाम कमिशनचा. १८५२ च्या कायद्यानंतर आपले इनाम खरे आहे हे सरकारला पटवण्यासाठी घराण्याने कैफियत दिली होती आणि तिला वंशावळ जोडली होती. मधल्या ऐंशी वर्षांतली माणसे मात्र गुण्यागोविंदाने नांदली असावीत, कारण स्वतः वाद घालून त्यांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही. त्यांच्यापैकी एखाद्याने बांध कोरला असता, निदान दत्तकावरून तक्रार केली असती, तर माझे किती कष्ट वाचले असते!

शेवटी तक्ता छापून नातेवाइकांना वाटला. आठवड्यातच काकांच्या एका चुलतभावाची वकिलामार्फत नोटीस आली : आपली पाती थोरली असताना तक्त्यात ती धाकटी दाखवून घराण्याची बदनामी केली आहे. मावशी घाबरली. काकांनी चष्मा लावून नोटीस दोनदा वाचली, तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून मला जवळ बोलावले आणि आनंदाने म्हणाले, “हे बघ, आपल्याला न सापडलेले दोन विष्णू याने मृत्यूच्या सालासकट दिलेत. याच्या दोन छायाप्रती काढून आण.”