पाईप फुटली नाही, तरी पाण्याला पेट्रोलचा वास का?

सांगली-मिरज रस्ता घ्या नाहीतर कुपवाडची एमआयडीसी, गॅरेज आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या दारातून घरगुती नळाची अर्धा इंची काळी एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकची पाईप, बिनधास्त टाकली जाते. इस्टिमेटमध्ये व्यास असतो, प्रेशर क्लास असतो, चराची खोली असते. माती कसली आहे, हा रकानाच नसतो. माझा आक्षेप तिथेच आहे.

पेट्रोलमधलं बेन्झिन, टोल्यूइन, झायलीन एचडीपीईच्या भिंतीत मुरतं आणि हळूहळू आतल्या पाण्यात उतरतं. त्यासाठी जॉइंट गळावा लागत नाही, आत प्रेशर असलं तरी ते थांबत नाही. मोठ्या लाईनला पाणी वाहतं असतं, प्रमाण विरळ होतं. अर्धा इंचीत पाण्याच्या मानाने भिंत जास्त, त्यात रात्रभर तेच पाणी पडून. म्हणून पहाटेच्या पहिल्या कळशीला वास येतो, चार बादल्या गेल्या की जातो, आणि लोक म्हणतात, ‘टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जास्त पडली असेल.’

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथे काहीच सांगत नाही. ग्रामपंचायतीची नेहमीची तपासणीही नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पाण्यातली अशी द्रव्यं वेगळी करून मोजणारी तपासणी, करणारी लॅबच लागते. नमुना पहाटेचा पहिला, काचेच्या बाटलीत काठोकाठ, बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून न्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेची बेन्झिनची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, आणि बेन्झिनचा स्वतःचा वास त्याच्या कितीतरी पट झाल्यावर येतो. तेव्हा नाकावर विसंबू नका. उकळलं तर ते उडतं खरं, पण तुमच्याच स्वयंपाकघरात!

चर खोदताना माती काळपट, तेलकट निघाली की काम थांबवा. मुख्य लाईनला डीआय (डक्टाईल आयर्न, लोखंडी पाईप), पण जॉइंटची रबर रिंग नायट्राईल रबराची मागून घ्या. साध्या रिंगमधूनही हे द्रव्य शिरतं. घरगुती जोडणीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पाईप), नाहीतर मधे ॲल्युमिनियमचा थर असलेली कंपोझिट, आयएस 15450 ची. यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी पाईप, किरकोळ प्रमाणाला टिकते, पण मातीत पेट्रोल नाहीतर थिनर साचलेलं असेल तर मऊ पडते. एचडीपीईवरून प्लास्टिकचीच मोठी पाईप घालणं म्हणजे निव्वळ समाधान.

आणि मुरलेली पाईप फ्लशिंगने सुधारत नाही. माती बदलली तरी प्लास्टिकमध्ये बसलेलं परत पाण्यात उतरत राहतं. तेवढा तुकडा, दोन्ही बाजूंना चांगली माती लागेपर्यंत, कापूनच काढायचा.

जीआयच्या आट्यांना सूत-सफेदा (सूत आणि पांढरी पेस्ट) नको, टेफ्लॉन टेप लावा. जुन्या सफेद्यात शिसं असायचं, आणि डब्यावर काय लिहिलंय ते प्लंबर वाचत बसत नाही.